मेलेले जनावर कोणाचे? महाराष्ट्रातील पशुदेहांच्या विल्हेवाटीचा इतिहास

पाळलेले जनावर मेल्यावर त्याच्या देहाचे काय करायचे, हा प्रश्न आज ज्याने ते पाळले त्याच्यापुढे उभा राहतो. बांधालगत खड्डा खणून पुरावे, महापालिकेची गाडी बोलवावी की दहनभट्टीत न्यावे, याचा निर्णय घरातील माणसे घेतात आणि तो घेताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आले तर त्यात कोणाला वावगे वाटत नाही. महाराष्ट्राच्या खेड्यांत मात्र शतकानुशतके हा निर्णय मालकाचा नव्हता. जनावराचा श्वास थांबला की त्याच्यावरील मालकाचा हक्क बहुतेक ठिकाणी संपत असे, आणि त्याबरोबर त्याची जबाबदारीही संपत असे. पुढचे सारे गावकीच्या रिवाजाने आधीच ठरवून ठेवलेल्या माणसांनी करायचे असे. हा निर्णय मालकाच्या अंगणात आला तो प्रामुख्याने त्या माणसांनी विसाव्या शतकात दिलेल्या नकारामुळे. त्यामुळे महाराष्ट्रातील पशुदेहांच्या विल्हेवाटीचा इतिहास हा पशुप्रेमाच्या वाढीचा इतिहास म्हणून लिहिला तर तो अपुरा राहील. तो त्याहून अधिक त्या नकाराचा इतिहास आहे.

पाळीव प्राणी म्हटले की शहरी वाचकाच्या मनात आज कुत्रे किंवा मांजर येते, परंतु ज्या समाजाविषयी येथे लिहिले आहे त्याच्या जिव्हाळ्याचे जनावर बैल होते. देशावर श्रावणाच्या किंवा भाद्रपदाच्या अमावास्येला पोळा, दक्षिण महाराष्ट्रात आषाढात बेंदूर. या दिवशी बैलाला न्हाऊमाखू घालायचे, खांद्याला तूप-हळद चोळायची, शिंगे रंगवायची, अंगावर झूल घालायची आणि पुरणपोळीचा घास स्वतःच्या हाताने भरवायचा, ही रीत आजही टिकून आहे. त्या प्रेमाच्या खरेपणाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण तोच बैल गोठ्यात मरून पडला की त्याला हात लावणे हा विटाळ ठरे, आणि ज्या हातांनी त्याला वर्षानुवर्षे चारले ते हात मागे घेतले जात. निरोप महारवाड्यात जाई. रोजच्या पाळीवर असलेला महार, ज्याला काही भागांत वेसकर तर काही भागांत पाडेवार म्हणत, आपल्या भावकीला घेऊन येई. जनावराचे पाय बांधून, बांबू घालून किंवा दोराने ओढून ते गावाबाहेर नेले जाई.

या व्यवस्थेला बलुत्याची चौकट होती. बलुते म्हणजे गावाला लागणारी कामे पिढीजात करणाऱ्या कुळांना शेतकऱ्यांनी सुगीच्या वेळी दिलेला धान्याचा वाटा. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट यांच्याबरोबर महार आणि मांगही या यादीत येत. महारांचे काम सर्वांत पसरट होते. गावची वेस राखणे, सरकारी टपाल व वसूल पोचवणे, शिवेच्या तंट्यात साक्ष देणे, मर्तिकाची वार्ता परगावी नेणे आणि मेलेली ढोरे ओढणे ही कामे त्यांच्याकडे असत आणि त्यांबदल्यात बलुत्याखेरीज थोडी इनाम जमीन असे, जिला पुष्कळ ठिकाणी हाडकी-हाडोळा म्हणत. महारांना बावन्न हक्क मिळाल्याची एक परंपरागत कथा आहे. बेदरच्या बादशाहाने अमृतनाक नावाच्या महाराच्या इमानावर प्रसन्न होऊन ते दिले, असे ती सांगते. या बावन्न हक्कांच्या याद्यांत मेलेल्या जनावराच्या कातड्याचा व मांसाचा हक्क येतो. कथा ऐतिहासिक कसोटीला उतरो वा न उतरो, तिने एक गोष्ट मात्र घडवली: जे काम इतर कोणी करायला तयार नव्हते ते हक्क म्हणून सांगितले गेले, आणि पिढ्यान्‌पिढ्या ते हक्क म्हणूनच राखले गेले. कातडे मालकाकडे परत द्यायचे की महाराने ठेवायचे, मांगाचा वाटा किती, यासंबंधी गावोगाव रिवाज वेगळे होते. देह ओढायचा कोणी, याबद्दल मात्र बहुतेक गावांत दुमत नव्हते.

ढोर फाडण्याची जागा गावाबाहेर असे आणि काम घाईचे असे, कारण उन्हाळ्यात काही तासांतच कातडे नासते. पोटाच्या मध्यरेषेवरून चीर घेऊन कातडे अखंड सोडवणे, त्याला चुकूनही भोक न पडू देणे, हे सरावाचे कौशल्य होते. एक चुकीचा घाव कातड्याची किंमत उतरवी. सोडवलेले कातडे पुढे ढोर समाजाकडे जाई. ढोर हे कातडे कमावणाऱ्या जातीचे नाव असून या समाजातील पुष्कळ लोक स्वतःला शरण ककय्यांचे अनुयायी मानतात. कमावणे म्हणजे कुजणाऱ्या कातड्याचे टिकाऊ चामडे करणे: आधी चुन्याच्या पाण्यात भिजवून केस काढायचे, मग बाभळीची साल, हिरडा, तरवडाची साल यांच्या कसावर ते मुरू द्यायचे, जुन्या पद्धतीत कातडे पिशवीसारखे शिवून, आत सालीचे पाणी भरून ते टांगून ठेवत. त्यानंतर चांभार त्याच्या वहाणा, पखाली आणि मुख्यतः मोटा करी. मोट म्हणजे विहिरीतून पाणी उपसण्याची चामड्याची मोठी पिशवी, जी बैलजोडी ओढत असे. ज्या शेतकऱ्याचा बैल मेला त्याच्याच विहिरीवर काही महिन्यांनी कदाचित त्या कातड्याची मोट चालत असे, आणि ती चालवायला त्याला कोणताही विटाळ आड येत नसे. देहाचा विटाळ पाण्याच्या धारेत नाहीसा होई, पण तो देह उचलणाऱ्या माणसाचा कधीच होत नसे; जातिव्यवस्थेच्या निर्दयतेचा इतका स्पष्ट पुरावा दुसऱ्या फार थोड्या व्यवहारांत सापडेल.

मांस महारवाड्यात वाटले जाई. मेलेल्या जनावराच्या मांसाला पड म्हणत, आणि एका दिवसात न संपणाऱ्या मांसाच्या पट्ट्या कापून उन्हात वाळवत, त्यांना चान्या म्हणत. या अन्नाकडे आवड म्हणून पाहणारी जुनी वर्णने भुकेचा विचार करत नाहीत. ज्यांच्या वाट्याला धान्य सुगीपुरते आणि शिळ्या भाकरी दारोदार मागून येत, त्यांच्यासाठी चान्या हा पावसाळ्यातील साठा होता. दया पवारांच्या १९७८ च्या ‘बलुतं’मुळे हे जीवन मध्यमवर्गीय मराठी वाचकांच्या घरात पोचले. त्याआधी १९१५ मध्ये त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाड्या’त वतनदारांच्या हक्कांचे तपशीलवार वर्णन केले होते, पण त्यांची नजर मुख्यतः शेतकऱ्याच्या व राज्यकारभाराच्या बाजूने हिशेब मांडणारी आहे.

एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली आणि कातड्याला परदेशी बाजार मिळाला, तेव्हा या व्यवहारात पैसा शिरला. १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत गुरे मोठ्या संख्येने मेली आणि त्यांची कातडी बंदरांकडे गेली. व्यापारात कत्तल केलेल्या जनावराच्या कातड्याला हलाली आणि आपोआप मेलेल्याच्या कातड्याला मुर्दारी म्हणत, आणि मुर्दारी मालाचा भाव कमी असे. कातड्याला किंमत येताच नवा संशयही आला: गुरे मेली की ती कातड्यासाठी विष घालून मारली असा आरोप हिंदुस्थानच्या अनेक भागांत कातड्याच्या कामातील जातींवर होऊ लागला आणि वसाहतीच्या पोलिसांनी सोमलाच्या विषप्रयोगांचे तपास चालवले. काही प्रकरणे खरी असतीलही. परंतु त्या काळी बुळकांडी, फऱ्या, घटसर्प आणि फाशी या रोगांनी कळपच्या कळप मरत होते, आणि रोगाचे कारण ठाऊक नसलेल्या गावाला देह ओढणारा माणूस दोषी धरणे सोपे होते.

मेलेले जनावर महारांच्या हवाली करण्याच्या सर्वसाधारण रीतीला अपवाद होते, आणि ते सत्ता असलेल्यांच्या घरी सापडतात. कर्नाटकातील आतकूर येथील इ.स. ९४९-५० चा शिलालेख राष्ट्रकूटांच्या काळातील असून, गंग राजा दुसरा बुतुग याने मणलेर या आपल्या वीराला त्याच्या मागणीवरून काळी नावाची शिकारी कुत्री दिल्याचे त्यात सांगितले आहे. तिने रानडुकराशी झुंज दिली, दोघेही मेले, आणि तिच्या स्मरणार्थ देवळापुढे शिळा उभारून तिच्या पूजेसाठी जमीन लावून देण्यात आली. साताऱ्याचे छत्रपती शाहू यांच्या कुत्र्याने शिकारीत त्यांचा जीव वाचवला आणि त्याबद्दल त्याला जहागिरीची सनद व पालखीचा मान मिळाला, अशी नोंद ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात केली आहे; साताऱ्याजवळ संगम माहुलीला कुत्र्याची समाधी दाखवतात ती याच, खंड्या नावाच्या, कुत्र्याची, असे सांगितले जाते. रायगडावरील वाघ्या कुत्र्याचे स्मारक मात्र १९३६ मधील आहे. शिवाजी महाराजांच्या चितेत उडी घेणाऱ्या इमानी कुत्र्याची कथा राम गणेश गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’ नाटकाने लोकप्रिय केली, शिवकालीन साधनांत तिला आधार मिळत नाही, आणि म्हणूनच २०१२ मध्ये तो पुतळा काढण्यात आला; तो पुन्हा बसवण्यात आला असला तरी वाद अजून मिटलेला नाही. या तिन्ही स्मारकांचे ऐतिहासिक मोल एकसारखे नाही, परंतु पहिल्या दोहोंतून एवढे नक्की दिसते की जनावराला समाधी देण्याची कल्पना या प्रदेशाला परकी नव्हती. ती प्रत्यक्षात आणायला हुकूम देण्याचे बळ लागे, आणि सामान्य कुणब्याजवळ ते नव्हते. गावकीचा रिवाज मोडून बैल पुरायचा तर त्याला महाराच्या हक्कावर पाय देऊन गावाशी भांडावे लागले असते.

मुंबई शहरात प्रश्नाने वेगळे वळण घेतले. १८३२ च्या जूनमध्ये भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला, कारण झरथुश्त्री धर्मात कुत्र्याला मोठे स्थान आहे: मृत माणसाला कुत्र्याच्या नजरेखाली आणण्याचा सगदीद हा विधी त्यांच्या अंत्यसंस्काराचा भाग आहे आणि वेंदिदाद या धर्मग्रंथात कुत्र्याच्या प्रेताचे नियम माणसाच्या प्रेताच्या नियमांच्या जोडीने येतात. त्या दंग्यानंतर दोन वर्षांत, जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने, पांजरपोळ, म्हणजे निराधार जनावरांचे आश्रयस्थान, उभा राहिला. पुढे प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारी संस्था १८७४ मध्ये आणि परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय १८८० च्या दशकात सुरू झाले. मृतदेहाच्या बाबतीत मात्र शहराने दयेपेक्षा आरोग्याची भाषा वापरली. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्याने मृत जनावरे हलवणे हे पालिकेचे कर्तव्य ठरवले, ज्या जागेत जनावर मरेल तेथील रहिवाशाने तीन तासांच्या आत, आणि रात्री मेल्यास सूर्योदयानंतर तीन तासांच्या आत, आरोग्य खात्याला कळवावे असे बंधन घातले, आणि हलवण्याचे शुल्क मालकावर ठेवले. कायद्याच्या भाषेत यात जात कोठेच नाही. पालिकेच्या गाडीवर चढणारे हात मात्र बहुशः त्याच जातींतून आले, ज्यांनी गावातील वतन मागे ठेवून गिरणगावाची वाट धरली होती.

खेड्यातील व्यवस्थेला पहिला मोठा हादरा कोल्हापूर संस्थानातून बसला. तेथील शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार वतने रद्द करून जमिनी त्या कुळांच्या नावे करून दिल्या, म्हणजे सेवेच्या बदल्यात जमीन ही गाठच तोडली. त्यानंतर १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याच्या पाण्यासाठी झालेल्या सत्याग्रहामुळे ती परिषद इतिहासात अमर झाली, आणि तेच योग्य आहे. पण तळ्याच्या तेजात तिचे इतर ठराव झाकले गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अध्यक्षीय भाषणात मृत मांस सोडण्याचे आवाहन केले, आणि परिषदेने सरकारकडे मृत मांस खाण्यास कायद्याने बंदी करावी अशी मागणी करतानाच स्पृश्य हिंदूंना सांगितले की त्यांनी आपली मेलेली जनावरे आपणच पुरावीत. त्या ठरावात विनवणी फारशी नाही. ज्याचे जनावर त्याचेच प्रेत, इतके साधे तत्त्व त्यात आहे, आणि या साध्या तत्त्वाने गावगाड्याचे एक चाक निखळले.

ठराव अमलात आणणे जिवावरचे काम होते. ज्या गावांत महारांनी ढोरे ओढणे बंद केले तेथे दुकानातून मीठ-तेल मिळेनासे झाले, मजुरी थांबली, बलुते बंद पडले, मारहाण झाली. काही ठिकाणी देह कुजत पडले आणि इतर दलित जातींवर ते काम लादण्याचा प्रयत्न झाला. काम सोडावे तर इनाम जमीन जाईल, ही भीती १८७४ च्या वतन कायद्यातच पेरलेली होती. म्हणून आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, पण ते पुढील वर्षी मागे घ्यावे लागले. विरोधकांनी आकडेमोडीचा मार्गही अवलंबिला: कातडे, शिंगे, खूर, हाडे यांचे वर्षाचे उत्पन्न इतके, मग हे लोक आपल्याच पोटावर का पाय देतात, असा त्यांचा सवाल होता. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, नागपूरच्या भाषणातही आंबेडकरांनी या हिशेबाला उत्तर दिले आणि असा फायदा दिसत असेल तर तो सांगणाऱ्यांनीच घ्यावा, या आशयाचे आव्हान पुन्हा दिले. माणुसकी आणि मिळकत यांत त्यांना मिळकत गौण वाटत होती, आणि ज्यांच्याजवळ मिळकतच नव्हती अशा हजारो कुटुंबांनी त्यांचे म्हणणे मानून चूल उपाशी ठेवली. त्या कुटुंबांची नावे कोठे कोरलेली नाहीत. १९४८ च्या आपल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात आंबेडकरांनी मृत गाईचे मांस खाणे हे अस्पृश्यतेच्या मुळाशी असल्याचे प्रतिपादन केले, त्यामुळे त्यांच्यापुरता हा प्रश्न केवळ स्वच्छतेचा कधीच नव्हता.

गांधीजींचा मार्ग याच्या उलट दिशेने जात होता. काम नीच मानू नये, ते शास्त्रशुद्ध करावे आणि सवर्णांनीही ते शिकावे, अशी त्यांची भूमिका होती. मृत गाईचे कातडे, हाडे व मांस यांचा पूर्ण उपयोग झाला तर जिवंत गाय वाचेल असा त्यामागचा अर्थशास्त्रीय विचार होता. वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवले. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी, जन्माने ब्राह्मण असून, भंगीकाम आणि ढोरफाडी स्वतःच्या हातांनी केली आणि कणकवलीच्या गोपुरी आश्रमात चर्मोद्योग उभा केला. अप्पासाहेबांच्या निष्ठेपुढे नतमस्तक व्हावे अशीच ती आहे. तरीही त्यांच्या मागून गेलेल्या सवर्णांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली, आणि त्यामुळे काम प्रतिष्ठित करण्याच्या मार्गाने जे साधले नाही ते काम नाकारण्याच्या मार्गाने साधले, असे म्हणावे लागते.

१९५८ च्या कायद्याने महार वतनासारखी कनिष्ठ वतने संपली. त्याच सुमारास विहिरींवर डिझेलचे आणि विजेचे पंप आले, मोटा बंद पडल्या आणि गावच्या कातड्याचे मोठे गिऱ्हाईक नाहीसे झाले. यानंतर शेतकरी आपला बैल आपल्याच शेतात पुरू लागला. खोल खड्डा, तळाशी मीठ, वर हळद-कुंकू आणि कोरे वस्त्र, काही ठिकाणी त्यावर आंब्याचे रोप, आणि अलीकडे तर लाडक्या बैलाचा दशक्रिया विधी किंवा तेराव्याचे जेवण, या रीती आज फार जुन्या वाटतात. सामान्य शेतकऱ्याच्या घरी त्या रुजल्या मात्र महारवाड्याने पाठ फिरवल्यावर. कुणब्याच्या मनातील प्रेम आधीपासून होते, त्याला देहापर्यंत पोचण्याची वाट दुसऱ्याच्या बंडाने मोकळी करून दिली.

जेथे पुरणे झाले नाही तेथे देह गावाबाहेर टाकले गेले आणि काही दशके गिधाडांनी ते काम निमूटपणे केले. १९९० च्या दशकापासून गिधाडे झपाट्याने नाहीशी झाली. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध दिलेल्या गुरांचे मांस खाल्ल्याने त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले आणि २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी त्या औषधावर बंदी घातली. दरम्यान उघड्यावरील मढ्यांभोवती भटक्या कुत्र्यांचे कळप वाढले.

शहरातील सदनिकेत राहणाऱ्या कुटुंबाजवळ पुरायला माती नाही. मुंबई महापालिकेने २०२३ मध्ये मालाडला लहान प्राण्यांसाठी नळाने येणाऱ्या नैसर्गिक वायूवर चालणारी दहनव्यवस्था सुरू केली, आणि मोठ्या शहरांत खासगी सेवाही निघाल्या आहेत, ज्या अस्थी कलशात घालून परत देतात. पाळलेल्या कुत्र्याला असा निरोप देता यावा, ही चांगलीच गोष्ट आहे. रस्त्यावर मेलेली गाय किंवा गटारात फुगलेले कुत्रे उचलणारा कामगार मात्र अजूनही बहुतेक वेळा कंत्राटी असतो आणि त्याची जात पूर्वीचीच असते. जुलै २०१६ मध्ये गुजरातेतील उनाजवळ मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना बांधून मारण्यात आले, तेव्हा सुरेंद्रनगरच्या दलितांनी मेलेली गुरे जिल्हाधिकारी कार्यालयासमोर आणून टाकली आणि ढोरे उचलणे थांबवले. महाडच्या ठरावाला तेव्हा एकोणनव्वद वर्षे झाली होती. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा २०१३ चा कायदा मानवी मैल्यापुरताच आहे, आणि मेलेली जनावरे ओढणे त्याच्या व्याख्येत बसत नाही.